पोट पाहण्याचा इतिहास

तेरची प्राचीन नगरी, नळदुर्गचा पाणीमहाल, परांड्याचा भुईकोट आणि तुळजापूरची भवानी यांच्याविषयी लिहिणाऱ्यांची धाराशिव जिल्ह्यास कधीच वाण पडली नाही. परंतु याच मुलुखातील एखाद्या कुणब्याचे पोट महिनोन्महिने दुखत राहिले, दिवसातून आठ-दहा वेळा परसाकडे जाऊन तो खंगू लागला, तर त्याचे पोट कोण पाहत असे, कसे पाहत असे आणि पाहून कोणत्या निर्णयास येत असे, ही हकीकत मात्र कोणी इतिहासाच्या योग्यतेची मानलेली दिसत नाही. राज्ये बदलली, निजामाचा अंमल आला आणि गेला, जिल्ह्याचे नाव बदलले व पुन्हा बदलले, तरी पोट दुखण्याचे काही बदलले नाही. बदलली ती पोट पाहण्याची रीत, आणि तीही इतक्या सावकाशीने की, आतड्याच्या भिंतीची जाडी ध्वनीच्या साहाय्याने मोजता येते ही गोष्ट १९४९ साली सिद्ध झालेली असूनही तिचा लाभ या भागातील रोग्यास जेवढा व्हावा तेवढा आजही होत नाही. ज्या यंत्राने तो व्हावयाचा ते सोनोग्राफीचे यंत्र मात्र येथे तालुक्यातालुक्याच्या गावी येऊन बसले आहे. यंत्र आले आणि दृष्टी आली नाही, असे का घडले, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्या काळी पोट पाहणे म्हणजे पोट चाचपणे. गावातील एखादी जाणती म्हातारी रोग्याला पहाटे उपाशीपोटी उताणे निजवी, बेंबीशी चार बोटे रोवून आतला ठोका नेमका मध्यावर उडतो की एका अंगाला हे अजमावी, आणि तो बाजूस लागला म्हणजे बेंबी सरकली असा निर्णय देऊन तेलाच्या हाताने ती जागेवर आणण्याच्या खटपटीस लागे. तो ठोका महाधमनीचा असतो आणि तो कोठेही सरकत नाही, हे खरे. पण बोटे खोल दाबून, आतड्यांतला वायू बाजूला सारून, पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचण्याची ती क्रिया पाहिलेल्या माणसाला आजच्या सोनोग्राफीतज्ज्ञाचा हात ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. तेलाने भागले नाही तर बिब्ब्याचा चटका देत, त्यानेही भागले नाही तर तापल्या लोखंडाचा डाग. अशा डागांचे वण पोटावर वागवणारी वृद्ध माणसे ग्रामीण दवाखान्यांतील डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्या वणांवरून पोटाचे दुखणे किती जुने आहे याचा अंदाजही बांधला आहे.

वैद्याची रीत याहून पुष्कळ विचारशील होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीरोगाला वाहिलेला आहे, आणि नाभीच्या वर जठराग्नीचे अधिष्ठान असलेले, न पचलेले अन्न धरून ठेवणारे व पचलेले पुढे सोडणारे असे एक स्वतंत्र इंद्रिय तेथे कल्पिलेले आहे. कधी बद्ध, कधी द्रव असा मल, अरुची, कृशता, सांध्यांच्या वेदना यांचे जे वर्णन वैद्यकग्रंथांत आढळते ते वाचून आतड्याच्या दाहक विकारांचे आधुनिक वर्णनच आपल्या पूर्वजांनी करून ठेवले आहे असे म्हणण्याचा मोह काही मंडळींना होतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो; कारण ग्रहणी या एका नावाखाली आज वेगवेगळे ठरलेले पाच-सहा रोग सुखाने नांदू शकतात. इतके मात्र निश्चित, की ताक, सुंठ, बेलफळाचा गर आणि रक्त पडत असेल तर कुड्याची साल, हा वैद्याचा इलाज डागाहून कितीतरी सौम्य होता. हकिमांचा मार्ग निराळा. ते नब्ज पाहत, कारुरा म्हणजे मूत्राची बाटली उजेडात धरून पाहत, आणि पोटाला हात लावण्यापूर्वीच मर्जाचे अनुमान बांधीत. तिन्ही रीतींत समान गोष्ट एकच, की आतडे कोणी पाहिले नव्हते.

निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात गेला, नळदुर्गच्या किल्ल्यात मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने कारभार केला, आणि १८६० साली जिल्हा पुन्हा निजामाकडे आला. त्यानंतरच्या हैदराबाद राज्याविषयी एक विलक्षण गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १८८८ व १८८९ साली याच राज्याच्या खजिन्यातून हैदराबाद येथे क्लोरोफॉर्मच्या परिणामांची तपासणी करणारे दोन आयोग बसले आणि त्यांच्या निष्कर्षांवर लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांतून वर्षानुवर्षे वाद झडले. राजधानीत जागतिक दर्जाचे प्रयोग आणि अव्वल तालुकदाराच्या हुकमतीतल्या दूरच्या मौजात बिब्ब्याचा चटका, ही विषमता निजामशाहीचीच खासियत होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुढील राजवटींनीही ती निष्ठेने सांभाळली आहे.

इकडे हे चालले असता पाश्चात्त्य देशांत आतड्याच्या दाहक विकारांना एकामागून एक नावे मिळत होती. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील सॅम्युएल विल्क्स याने १८५९ साली मोठ्या आतड्यात व्रण पडणाऱ्या विकाराचे शवविच्छेदनावरून वर्णन केले. ग्लासगोच्या केनेडी डॅल्झिएल याने १९१३ साली लहान आतड्याच्या जाड व ताठर झालेल्या भागांकडे लक्ष वेधून गुरांच्या एका आंत्ररोगाशी त्याचे साम्य दाखवले. आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तिघांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्यावरून त्या रोगाला क्रोनचे नाव कायमचे चिकटले. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ, ज्याला डॉक्टर मंडळी अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, तो मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोनचा रोग भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो आणि तोंडापासून गुदापर्यंत कोठेही प्रकटतो, मात्र त्याचे आवडते ठिकाण लहान आतड्याचा शेवट, जेथे ते मोठ्या आतड्याला मिळते, म्हणजे उजव्या कुशीचा खालचा भाग.

नेमके तेच ठिकाण आतड्याच्या क्षयाचेही आवडते आहे, आणि आपल्याकडील सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. उजव्या कुशीत दुखते, बारीक ताप येतो, वजन उतरते, जुलाब होतात, अशा रोग्याला मराठवाड्यातील डॉक्टराने क्षयाचा रोगी मानावे यात त्याची चूक म्हणता येत नाही, कारण क्षय येथे खरोखरच मुबलक आहे. आणि क्षयाच्या रोग्याला चुकून क्रोनचा समजून स्टिरॉइड दिले तर आतला जंतू मोकाट सुटतो, तेव्हा सावधगिरीही त्याच बाजूला झुकते. म्हणून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स आधी, आणि गुण आला नाही तर पुढचा विचार, हा क्रम पडला. या क्रमात क्रोनच्या रोग्याची सहा महिने, कधी त्याहून अधिक मुदत वाया जाते आणि तेवढ्यात आतडे आकुंचन पावून शस्त्रक्रियेची पाळी येते. दाहक विकार हे गोऱ्या लोकांचे रोग आहेत, आपल्याकडे ते नसतात, ही समजूत तर वैद्यकीय वर्तुळातही दीर्घकाळ होती. पंजाबात घरोघर फिरून केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना व्रणयुक्त बृहदांत्रशोथ आढळला, तेव्हा त्या समजुतीला मोठा धक्का बसला.

आता ध्वनीकडे वळू. ज्या सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल आणि नळदुर्ग हस्तगत करून हैदराबाद राज्याच्या शेवटास आरंभ केला, त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉन वाइल्ड नावाचा एक इंग्रज शल्यविशारद आतड्याच्या भिंतीची जाडी मोजण्याचा उपाय शोधत होता. युद्धकाळात लंडनमध्ये बाँबहल्ल्यांत जखमी झालेल्यांची पोटे फुगून ती प्राणावर बेतत. हे फुगणे वाट अडल्यामुळे आहे की आतडे निश्चेष्ट पडल्यामुळे, हे भिंतीच्या जाडीवरून कळेल अशी त्याची अटकळ होती. जवळच्या नौदलाच्या विमानतळावर वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी बांधलेले एक यंत्र होते व ते १५ मेगाहर्ट्झचा श्रवणातीत ध्वनी वापरी. वाइल्डने आतड्याचा तुकडा त्यापुढे धरला, तेव्हा भिंत मोजता आलीच, शिवाय तिचे थर निरनिराळे प्रतिध्वनी देतात हेही दिसले. आणि कर्करोगग्रस्त ऊतींचा प्रतिध्वनी निरोगी ऊतींहून वेगळा येतो असे आढळल्यावर तो मूळचा प्रश्न बाजूस ठेवून त्या मागे लागला. सोनोग्राफीचा जन्मच अशा रीतीने आतड्याच्या प्रश्नातून झालेला आहे, आणि ज्या यंत्राला आपण आज केवळ गर्भाशी जोडतो त्याची कुळकथा ही आहे.

मग गर्भ आला कोठून? ग्लासगोच्या आयन डोनाल्डमुळे. तो प्रसूतितज्ज्ञ, १९५५ साली रेनफ्र्यू येथील बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात, धातूतील तडे शोधण्याचे यंत्र होते तेथे, शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून तो घेऊन गेला आणि पाण्याने भरलेली गाठ व भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी भिन्न येतात हे पडताळून आला. जून १९५८ मध्ये मॅकव्हिकर व टॉम ब्राउन यांच्यासह त्याने ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध छापला तोही नावाने पोटातील गाठींविषयीचाच होता, आणि त्यातली गाजलेली रोगीण ती, जिला जठराचा असाध्य कर्करोग ठरवून सोडून दिले होते, ध्वनीने तिच्या पोटात अंडाशयाची पाण्याची प्रचंड गाठ दाखवली, ती काढली आणि बाई बरी झाली. पुढे मात्र यंत्र गर्भाशयात रमले. यास निसर्गही कारण आहे: गर्भजलातून ध्वनी निर्वेध जातो, उलट आतड्यातला वायू त्याला तेथल्या तेथे परतवतो, आणि पडद्यावर नुसते धुके उरते. वायूमुळे आतडे दिसत नाही, हे वाक्य मग पाठ्यपुस्तकांत गेले, तेथून अहवालांत गेले, आणि तेथेच ठाण मांडून बसले.

महाराष्ट्रात या यंत्राचा जो इतिहास घडला तो सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी तो लांबवीत नाही. गर्भजलपरीक्षेच्या विरोधात मुंबईत उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८८ साली गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा आपल्या राज्याने केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, १९९६ पासून तो अंमलात आला, आणि २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदणीच्या कक्षेत आले. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली उरल्याचे दिसले, तेव्हा हा कायदा अनाठायी होता असे म्हणण्यास कोणाचीही जीभ रेटणार नाही. पण त्याचा एक अनुषंगिक परिणाम झाला, ज्याची चर्चा होत नाही. यंत्राला परवाना, जागेला परवाना, चालवणाऱ्याला परवाना. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ नमुना. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाची तपासणी, नियम मोडल्यास यंत्राला सील आणि पंचनामा. २०१२ च्या नियमांनी हातात उचलून नेण्याच्या यंत्रांच्या संचाराला लगाम. २०१४ च्या नियमांनी साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरास सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट. यांतील एकेक अट रास्त आहे. परंतु जर्मनीत वा इटलीत जो पोटविकारतज्ज्ञ रोग्याची विचारपूस करता करता स्वतःच त्याच्या पोटावर यंत्राचे टोक, म्हणजे प्रोब, ठेवतो, तसा येथे कोणी ठेवू धजत नाही. यंत्र क्ष-किरणतज्ज्ञाच्या वा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत राहते, आणि ज्याला आतड्याचा प्रश्न पडला आहे त्याचा यंत्राशी संबंध येतो तो दुसऱ्याने लिहिलेल्या कागदापुरता.

या जिल्ह्याला साध्या तपासणीचे वावडे होते असेही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी खेड्यातील बायकांत कोणत्या रीतीने करावी, हे ठरवण्यासाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्याने १९९९ पासून जो महाप्रयोग केला तो याच, तेव्हा उस्मानाबाद म्हणवणाऱ्या, जिल्ह्यात. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, बावन्न ग्रामसमूहांत विभागलेल्या, त्यात होत्या, आणि या कर्करोगाच्या विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने त्याचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाल्यावर जगभरची धोरणे बदलली. ज्या गटाला कोणतीच तपासणी मिळाली नाही त्याच्याविषयी नीतीचे प्रश्न पुढे उपस्थित झाले, आणि ते योग्यच होते. तथापि परांडा, भूम, कळंबच्या बाया तपासणीसाठी घराबाहेर पडतात, नोंदवह्या नीट राखल्या जातात, पाठपुरावा होऊ शकतो, एवढे त्या प्रयोगाने निर्विवाद दाखवले.

आतड्याकडे ध्वनी परत वळला तो युरोपात. १९७९ साली ‘गट’ या नियतकालिकात क्रोनच्या रोगात आतड्याची सुजलेली भिंत कशी दिसते याचे वर्णन होल्ट आणि सॅम्युएल यांनी केले. पण खरी किल्ली सापडली ती १९८६ साली, डच क्ष-किरणतज्ज्ञ पुइलार्ट याने आंत्रपुच्छाच्या दाहासाठी प्रोब हळूहळू दाबत नेण्याची पद्धत सांगितली तेव्हा. वायू अडथळा करतो ना, मग तो दाबून बाजूला सारावा. निरोगी आतडे दाबाखाली चपटे होते, सुजलेले होत नाही, आणि दडू पाहणारे इंद्रिय दाबानेच उघड होते. आमच्या बेंबी बसवणाऱ्या म्हातारीला हे सांगितले असते तर तिला त्यात काही नवल वाटले नसते.

प्रत्यक्ष तपासणी अशी होते. रोगी चार-सहा तास उपाशी, बाकी तयारी नाही. जुलाबाचे औषध नाही, नळी नाही, किरणोत्सर्ग नाही. आधी वक्र प्रोबने एकंदर पोट पाहून घ्यावयाचे, मग बारीक तरंगांचा सरळ प्रोब घेऊन डाव्या कुशीपासून आरंभ करावयाचा, कारण तेथे मोठे आतडे कटिस्नायू आणि श्रोणीच्या रक्तवाहिन्या यांच्यावर हमखास सापडते. तेथून ते वर, आडवे, पुन्हा खाली असे उजव्या कुशीपर्यंत माग काढत यावयाचे, आणि लहान आतडे मोठ्यास मिळते तेथे थांबून निवांत पाहावयाचे. भिंतीत काळे-पांढरे आलटून पालटून पाच थर दिसतात. भिंत तीन मिलिमीटरच्या आत असावी. ती चार, पाच, सात झाली, थर पुसट झाले, रंगीत डॉपलरवर रक्ताचा संचार वाढलेला दिसला, भोवतीची चरबी फुगून पांढरी झाली, म्हणजे दाह चालू आहे. लसिकाग्रंथी मोठ्या, एकमेकींत गुंतलेल्या व मध्ये कुजल्यासारख्या दिसल्या, पोटात पाणी झाले असले, तर पारडे क्षयाकडे झुकते. संपूर्ण निवाडा मात्र ध्वनी देत नाही. त्यासाठी दुर्बीण आत घालून तुकडा काढावाच लागतो. गुदाशय खोल असल्याने नीट दिसत नाही, केवळ अस्तरापुरता सौम्य दाह हातून निसटतो, आणि स्थूल माणसात सारेच अवघड होते. ब्रिटनमध्ये आठ रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लहान आतड्यातील क्रोनचा विस्तार चुंबकीय चित्रणाने शंभरात ऐंशी जणांत नीट ओळखला, ध्वनीने सत्तर जणांत. मला यातील ऐंशीपेक्षा सत्तरचे महत्त्व अधिक वाटते, कारण चुंबकीय यंत्राचा खर्च आणि प्रोबचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पाठपुराव्यात तर ध्वनीला तोड नाही. जर्मनीत क्रोनच्या २३४ रोग्यांवर केलेल्या पाहणीत औषध लागू पडू लागल्यावर तीन महिन्यांत भिंतीची जाडी उतरलेली दिसली. हा रोग जन्माचा सोबती; त्याला दर काही महिन्यांनी पाहावे लागते, आणि दर खेपेस दुर्बीण घालणे रोग्याला सोसत नाही व परवडतही नाही. उमरग्याचा रोगी त्यासाठी सोलापूर किंवा कलबुर्गी गाठतो, कळंबचा लातूर वा अंबाजोगाईस जातो, भूम-परांड्याचा बार्शीला, आणि तेथेही भागले नाही तर पुण्याला. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच, सोबतच्या माणसाचीही बुडते.

अडचण यंत्राची नाही आणि कायद्याचीही नाही, कारण नोंदलेल्या जागेत, नोंदलेल्या यंत्राने पुरुषाचे किंवा स्त्रीचे आतडे पाहण्यास कोणतीही मनाई नाही. अडचण आहे ती सवयीची. पोटाच्या सोनोग्राफीचा जो छापील अहवाल आज रोग्याच्या हाती पडतो त्यात यकृत, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडे, मूत्राशय आणि गर्भाशय किंवा पौरुषग्रंथी यांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ मिळते. वीस-बावीस फूट लांबीच्या आतड्याच्या वाट्याला शेवटी एक वाक्य येते, आणि पुष्कळदा ते वायूविषयीच असते. २०२२ साली धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांना त्या अहवालात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिण्याची एक ओळ आरंभापासूनच भरावयास लावली, तर तेवढ्यासाठी नवे यंत्र, नवा परवाना किंवा मंत्रालयाकडे दरखास्त यांपैकी कशाचीच गरज पडणार नाही.